बटण तुमचं, बाकी सगळं आमचं

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कंदील, पितळी कुलपं आणि ग्रामोफोनचे कर्णे यांच्या गर्दीत एखादं काळं खोकं हमखास सापडतं. वीतभर लांबीचं, वर धरायला चामडी पट्टा, समोर एक गोल भोक. दुकानदार त्याला सरसकट ‘ब्राउनी’ म्हणतो, मग ते अमेरिकेतल्या कोडॅकचं असो, जर्मनीतल्या आग्फाचं असो की इंग्लंडच्या एन्साइनचं. घेणारा ते दिवाणखान्यात शोभेला ठेवतो. ‘जग बदलणाऱ्या साध्या वस्तू’ हा विषय संपादकांनी यंदा सुचवला, तेव्हा या खोक्याकडे वळणं साहजिक होतं, कारण त्याची गोष्ट सगळ्यांना ऐकून पाठ आहे. फोटोग्राफी आधी मूठभर जाणकारांच्या हातात होती. मग जॉर्ज ईस्टमन या अमेरिकी गृहस्थाने सोपा आणि स्वस्त कॅमेरा काढला आणि ती घरोघरी पोचली.

या गोष्टीतल्या घटना खऱ्या आहेत, पण श्रेय भलत्याच वस्तूला दिलेलं आहे. खोकं ईस्टमनच्या आधीही होतं आणि त्यात शोधण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. खरा फरक पडला तो कामाच्या वाटणीत. फोटो काढणं हे एकाच माणसाचं सलग काम होतं; त्याचे दोन तुकडे झाले. बटण दाबण्याचा सोपा तुकडा ग्राहकाकडे आला आणि रसायनांचा अवघड तुकडा कारखान्यात गेला. बॉक्स कॅमेऱ्याने सामान्य माणसाला दिलेलं स्वातंत्र्य आणि त्याच्यावर लादलेलं परावलंबन ही दोन्ही याच वाटणीतून आली. म्हणून या खोक्याचा इतिहास नीट समजून घ्यायचा तर त्याच्या बाहेर बघावं लागतं. पण सुरुवात आतूनच करू.

खोकं उघडल्यावर

१९०१ साली बाजारात आलेला ‘नंबर २ ब्राउनी’ उघडून पाहिला तर पहिली गोष्ट जाणवते ती त्याचं रिकामपण. बाजूची किल्ली बाहेर ओढून मागचं झाकण काढलं की आतला सांगाडा सरकून हातात येतो. भिंती जाड पुठ्ठ्याच्या, त्यांवर चामड्यासारखा दिसणारा काळा कागद चिकटवलेला. दोन टोकांना फिल्मच्या रिळांसाठी जागा, एक भरलेलं आणि एक रिकामं. समोर भिंग एकच, चंद्रकोरीसारखं एका बाजूने आत वळलेलं. अशा भिंगाचे गुण इंग्लंडच्या वोलास्टनने १८१२ मध्येच दाखवून दिले होते. भिंगाच्या वाटेत पत्र्याची एक चकती आणि स्प्रिंग, हेच शटर. बाजूची छोटी दांडी खाली दाबली की ‘टक्’ असा आवाज होऊन एक फोटो निघतो. पुढच्या फोटोसाठी तीच दांडी वर ढकलायची. स्प्रिंग पुन्हा ताणण्याचीही भानगड नाही. प्रकाश कमीजास्त करायला तीन भोकांची एक पट्टी आहे, ती वर ओढायची. भिंग मागेपुढे होत नाही, त्यामुळे फोकस जुळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नेम धरायला वर एक आणि बाजूला एक अशा नखाएवढ्या दोन काचा आहेत, उभ्या आणि आडव्या चित्रासाठी. कॅमेरा पोटाशी धरून वरून वाकून बघायचं, आणि तिथे डावं-उजवं उलटं दिसतं. फोटो काढल्यावर फिल्म पुढे सरकवण्याची आठवण यंत्र करून देत नाही. किल्ली फिरवायला विसरलं की एकावर एक दोन चित्रं उमटतात, आणि काकांच्या डोक्यातून नारळाचं झाड उगवतं. किल्ली किती फिरवायची ते मागच्या छोट्या लाल खिडकीतून कळतं. फिल्मच्या पाठीशी असलेल्या काळ्या कागदावर आकडे छापलेले असतात. पुढचा आकडा खिडकीत आला की थांबायचं. त्या काळच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ कळत नसे, म्हणून खिडकी लाल.

असल्या भिंगातून आणि असल्या शटरमधून ठीकठाक फोटो निघत असे, याची कारणंही पाहण्यासारखी आहेत. भोक बारीक असल्यामुळे दहा-बारा फुटांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येई. भोक बारीक म्हणून प्रकाश भरपूर हवा, म्हणून माहितीपत्रकात ठासून सांगितलेलं असे की सूर्य पाठीमागे किंवा खांद्यामागे ठेवा. जुन्या अल्बममधली माणसं उन्हात डोळे बारीक करून उभी दिसतात ती या सूचनेमुळे. चित्र मोठं करण्याची पद्धत घरगुती कामात नव्हती. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रिंट काढत, त्यामुळे भिंगाचा बारीकसा ढिसाळपणा डोळ्यांना कळत नसे. आणि उरलेली चूक, म्हणजे उजेडाचा अंदाज थोडा इकडेतिकडे झालेला, ती फिल्म स्वतः पोटात घालत असे. कॅमेऱ्यात अक्कल कमी होती, कारण ती आधीच फिल्ममध्ये घातलेली होती.

काच ओली असेपर्यंत

खोकं ही अडचण कधीच नव्हती, याचा पुरावा फोटोग्राफीच्या पहिल्या पानावर आहे. इंग्लंडमधल्या लेकॉक गावी हेन्री फॉक्स टॅल्बटने १८३५ च्या सुमारास लाकडाची लहान लहान खोकी करून घेतली, त्यांना भिंगं बसवली आणि ती घराभोवती ठेवून दिली. त्याची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे. ब्राउनीच्या पासष्ट वर्षं आधीचे हे बॉक्स कॅमेरेच. नव्हतं ते भरवशाचं रसायन: लवकर उमटणारं, उमटलेलं टिकवणारं आणि आधीपासून तयार करून ठेवता येणारं. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर एकच चित्र मिळे, त्याची दुसरी प्रत नाही. टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघत, पण कागदाचे तंतू चित्रात दिसत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कलोडियन ओतण्याची पद्धत काढली आणि पुढची तीसेक वर्षं तिचंच राज्य चाललं.

त्या पद्धतीत फोटोग्राफरला काय करावं लागे, ते पाहिलं की पुढच्या वाटणीचं मोल कळतं. काच लखलखीत पुसायची. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळलेलं चिकट कलोडियन तिच्यावर ओतून, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत सारखं पसरायचं. अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, आणि थर वाळण्याआधी पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि उष्ण हवेत ईथर उडून जातं म्हणून त्याहून कमी. घराबाहेर काम असेल तर तंबू, बाटल्या, काचा, पाणी असा सगळा संसार बैलगाडीत घालून न्यायचा. अशा कामात बटण दाबणारा आणि ‘बाकीचं’ करणारा असा भेद शक्यच नव्हता.

मुंबईने ही विद्या लवकर उचलली ती याच सलग रूपात. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; त्याआधीच्या वर्षी लंडनची झाली होती, आणि कलकत्ता-मद्रासच्या पुढे दोन वर्षांनी व्हायच्या होत्या. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक फोटोग्राफर तयार झाला. त्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. यात डॉक्टर का होते, लष्करी अधिकारी का होते, कॉलेज का होतं? कारण फोटो काढणं हे तेव्हा मुख्यतः रसायनशास्त्र होतं. पैसा लागे, तितकीच विद्याही लागे, आणि ती विद्या ज्याला आली तो संपूर्ण फोटोग्राफर असे.

रॉचेस्टरचा कारकून

जॉर्ज ईस्टमन हा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या बँकेत कारकून होता. १८७७ मध्ये त्याने ओल्या काचेचा सगळा सरंजाम विकत घेतला आणि त्याचं ओझं त्याला नको झालं. इंग्लंडमध्ये तोवर जिलेटिनच्या कोरड्या काचांचे प्रयोग पुढे गेले होते. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये वाट दाखवली होती. काच कारखान्यात तयार करून, खोक्यात भरून, महिन्यांनंतर वापरता येणार होती. ईस्टमनने पहिलं पेटंट घेतलं ते काचेवर थर चढवणाऱ्या यंत्राचं. कॅमेऱ्याचा विचार त्याच्या मनात नंतर आला. रसायनाचा थर बाहेरून तयार मिळू शकतो, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी कामाची वाटणी सुरू झाली.

मग त्याने काचेऐवजी कागदाची गुंडाळी आणली, १८८५ च्या सुमारास, कुठल्याही मोठ्या कॅमेऱ्याला मागून लावता येणारी. धंदेवाईक फोटोग्राफरांनी ती नाकारली, कारण काचेइतकं स्वच्छ चित्र तिच्यात येत नव्हतं. कारखाना उभा, माल तयार आणि जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवून बसलेलं. ईस्टमनने काढलेला निष्कर्ष सरळ होता: जाणकार घेत नाहीत, तर न जाणणाऱ्यांना विकायचं. १८८८ चा पहिला ‘कोडॅक’ हा या निष्कर्षाचा परिणाम आहे. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली. दोरी ओढायची, किल्ली फिरवायची, बटण दाबायचं. नेम धरायला काचसुद्धा नव्हती, वरच्या पृष्ठावर नुसत्या रेघा होत्या. शंभर फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा, सोबत १० डॉलर; गोल प्रिंटा आणि पुन्हा भरलेला कॅमेरा घरी येई. ‘बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही करतो’ ही जाहिरात त्याच कॅमेऱ्याची.

ही सेवा ग्राहकाच्या सोयीसाठी होती असं मानण्याचा प्रघात आहे. पण त्या गुंडाळीत होतं काय, ते पाहा. कागदावर जिलेटिनचा थर होता आणि धुतल्यावर तो कागदापासून सोलून, काचेवर उतरवून, पारदर्शक करून घ्यावा लागे. हे नाजूक काम घरच्या मोरीत कोणाला जमलं नसतं. फिल्म अर्धवट सुटसुटीत होती म्हणून कारखान्याने ‘बाकीचं’ आपल्याकडे ठेवलं. त्या अपुरेपणाचंच पुढे ब्रीदवाक्य झालं. १८८९ मध्ये रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाख याच्या कामातून पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आली आणि सोलण्याची गरज संपली. आता तांत्रिकदृष्ट्या कोणालाही घरी फिल्म धुता आली असती. पण तोवर सवय लागली होती, आणि सवयीभोवती धंदा उभा राहिला होता.

भांडण कशावरून झालं, त्यावरूनही खरी किंमत कशाला होती ते कळतं. हॅनिबल गुडविन नावाच्या न्यूअर्कच्या पाद्र्याने सेल्युलॉइड फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. पेटंट मिळालं १८९८ मध्ये. त्यावरचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९१४ मध्ये ईस्टमनच्या कोडॅक कंपनीला ५० लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. खोक्याच्या आकारावरून एवढे पैसे कोणी मोजले नसते. लाल खिडकी आणि आकड्यांचा कागद ही युक्तीही कोडॅकची नव्हती. बॉस्टनच्या सॅम्युअल टर्नरने ती १८९२ मध्ये ‘बुल्स-आय’ कॅमेऱ्यात आणली आणि ईस्टमनने १८९५ मध्ये त्याची कंपनीच घेऊन टाकली.

एक डॉलरचं गणित

फेब्रुवारी १९०० मध्ये आलेला पहिला ब्राउनी रॉचेस्टरच्या फ्रँक ब्राउनेलने तयार केला. नाव मात्र पामर कॉक्सच्या चित्रकथांमधल्या छोट्या परीसारख्या बुटक्यांवरून घेतलं होतं. त्या चित्रकथा मुलांना तोंडपाठ होत्या आणि कॅमेरा मुलांसाठीच होता. किंमत एक डॉलर, सहा फोटोंची फिल्म १५ सेंट. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी क्लब काढला, स्पर्धा ठेवल्या. वर्षभरात लाखावर कॅमेरे खपले. एका कॅमेऱ्याच्या किमतीत सहा-सात रोल येत होते. म्हणजे ज्या पोराने सुट्टीत सात रोल संपवले, त्याने कॅमेऱ्याइतके पैसे पुन्हा मोजले, आणि धुण्याचे वेगळे. कॅमेरा एकदाच विकला जातो, फिल्म जन्मभर. जर्मनीत आग्फाने १९३२ मध्ये हेच गणित उघडपणे केलं: चार मार्कांचा बॉक्स कॅमेरा, पण चार नाण्यांवरची टांकसाळीची अक्षरं जुळून ‘आग्फा’ हे नाव व्हायला हवं. लोक खिशातली नाणी तपासत बसले, लाखो कॅमेरे गेले, आणि त्या प्रत्येकात पुढे कोणती फिल्म पडणार हे ठरलेलंच होतं.

विलायतेत ब्राउनीची किंमत पाच शिलिंग होती, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेचार रुपये. आकडा लहान दिसतो, पण तेवढ्यावर इथे तो घरोघरी पोचला असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. खर्च खोक्यावर थांबत नव्हता. प्रत्येक रोल समुद्रापलीकडून यायचा. बहुतेक मराठी घरांत फोटो म्हणजे कित्येक दशकं स्टुडिओतली खुर्ची, मागे रंगवलेला पडदा आणि वर्षा-दोन वर्षांतून एक प्रसंग. जत्रेत आणि कचेरीबाहेर लाकडी खोकं घेऊन बसणारा फोटोवाला हा त्याहून स्वस्त पर्याय होता, आणि त्याचं खोकं ब्राउनीच्या अगदी उलट होतं. त्याच्या आतच रसायनांच्या दोन ताटल्या असत. बाजूच्या कापडी बाहीतून हात घालून तो कागदी निगेटिव्ह आत धुवायचा, तीच भिंगासमोर टांगून तिचा पुन्हा फोटो घ्यायचा आणि काही मिनिटांत ओली प्रिंट हातात द्यायचा. जयपूरच्या हवामहलासमोर आणि अफगाणिस्तानात असे कॅमेरे अगदी अलीकडेपर्यंत चालत होते. ब्राउनीतून रसायन बाहेर काढलेलं होतं. फोटोवाल्याच्या खोक्यात ते कोंबून भरलेलं होतं. म्हणून एकाला कारखाना लागे आणि दुसऱ्याला झाडाची सावली पुरे.

मोहरी खाणाऱ्या गाई

अवघड तुकडा किती अवघड होता, ते कोडॅकलाही पूर्ण कळलेलं नव्हतं. १८८२ मध्ये ईस्टमनच्या कोरड्या काचा अचानक नासू लागल्या. त्याने विकलेला माल बदलून दिला, कृती तपासली, प्रयोगामागून प्रयोग केले. शेवटी दोष निघाला जिलेटिनमध्ये; पुरवठादाराकडचा माल बदलला होता. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यांतून. सगळे नियम पाळूनही एक जिलेटिन चांगलं का आणि दुसरं कुचकामी का, हे कोडं चाळीस वर्षं तसंच राहिलं. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्डने ते सोडवलं. काही जिलेटिनमध्ये गंधकाचा अतिशय अल्प अंश असतो आणि त्यामुळे चांदीचे कण प्रकाशाला जास्त संवेदनशील होतात. हा अंश मोहरीच्या जातीच्या वनस्पतींतून येतो, म्हणजे जनावरांनी चरताना काय खाल्लं त्यावर फोटो चांगला येणार की नाही ते ठरत होतं.

इतकी नाजूक वस्तू मैलोगणती लांबीची, एकसारख्या जाडीची, संपूर्ण अंधारात, धुळीचा कणही न बसू देता तयार करायची. पाणी शुद्ध, हवा शुद्ध, चांदी शुद्ध. एकीकडे पुठ्ठा, पत्रा, स्प्रिंग आणि एक भिंग, दुसरीकडे हे. दोहोंत कुठलं काम सुतार-लोहाराला जमेल आणि कुठलं भल्याभल्या देशांना जमणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

कोल्हापूरचा कॅमेरा, उटीची फिल्म

याचा दाखला आपल्याच घरी आहे. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले होते, गोध्र्याला स्टुडिओ चालवून बसले होते. १९१२ मध्ये ते विलायतेहून आले ते कॅमेरा, फिल्मला छिद्रं पाडण्याचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करून. पेरलेला वाटाणा उगवताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन त्यांनी जो छोटा चित्रपट केला, तो दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कच्च्या फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं ही कामं घरी झाली आणि त्यांत सरस्वतीबाई फाळक्यांचा हात होता. कोडॅकच्या जाहिरातीतलं ‘बाकीचं’ म्हणतात ते हेच. ते दुसऱ्यावर सोपवायला फाळके तयार असते, तरी ज्याच्यावर सोपवावं असं इथे कोणी नव्हतंच; आणि ते त्यांना येत होतं म्हणूनच इथे चित्रपट झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. १९१८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चलच्चित्रांचा कॅमेराच तयार केला. त्यावर चित्रपट निघाले. पण त्या देशी कॅमेऱ्यात घालायची फिल्म परदेशीच होती.

पुढची पन्नास वर्षं चित्र असंच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली, तेव्हा सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणून ठेवली. स्टुडिओ होते, कॅमेरे होते, नट होते, फिल्म नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी मध्यमवर्गाच्या हातात जो बॉक्स कॅमेरा खऱ्या अर्थाने आला, तो ‘आग्फा क्लिक थ्री’, बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. प्लॅस्टिकचा, एका रोलमध्ये बारा फोटो देणारा. सहली, मुंजी, बारशी यांचे लाखो चौकोनी कृष्णधवल फोटो त्याने काढले. आणि भारतात फिल्म कधी तयार होऊ लागली? हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये निघाली, उटीच्या थंड आणि स्वच्छ हवेत, फ्रेंच सहकार्याने; उत्पादन सुरू व्हायला १९६७ उजाडलं. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यापासून मोजलं तर जवळपास अर्धं शतक. खोकं आणि फिल्म यांच्यातलं अंतर याहून स्पष्ट कुठे दिसणार?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की अशी वाटणी तर प्रत्येक सुधारणेत होते. जातं गेलं आणि गिरणी आली, म्हणून कोणी गिरणीवाल्यावर खटला भरत नाही. खरं आहे. पण एका गिरणीत पीठ जाड येऊ लागलं तर माणूस पुढच्या गल्लीत जातो. इथे गिरणी, गहू आणि डबा एकाच मालकाचा होता. अमेरिकी न्यायालयाने १९१५ मध्ये कोडॅकला मक्तेदार ठरवलं आणि १९२१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. तरी रंगीत फिल्मच्या काळात धुण्याचे पैसे फिल्मच्या किमतीतच घेतले जात, म्हणजे दुसऱ्याकडे धुवायला द्यायचं तर पैसे दोनदा. ते बंद झालं १९५४ च्या दुसऱ्या हुकूमनाम्यानंतर. आपला आक्षेप वाटणीला नाही. वाटणीची दुसरी बाजू एकाच्याच हातात राहण्याला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांना फिल्म घरी धुण्यापासून कोणी अडवलं होतं? ब्राउनीच्या सुरुवातीच्या जाहिरातीतच ७५ सेंटांचा धुण्याचा आणि प्रिंट काढण्याचा संच दिलेला आहे. १९०२ मध्ये कोडॅकने डार्करूमशिवाय फिल्म धुण्याचं यंत्रही विकलं. हौशी मंडळींनी मोरीत लाल दिवा लावून हे काम आवडीने केलं, आपल्याकडेही केलं. हे मान्यच करायला हवं, आणि त्याने मूळ मुद्दा थोडा दुरुस्तही होतो: दार बंद केलेलं नव्हतं. पण धुण्याची विद्या घरी आली तरी फिल्म करण्याची विद्या कारखान्यातच राहिली. आणि बहुसंख्य लोक त्या उघड्या दारातून गेले नाहीत, कारण न जाण्याची सोय हाच विकायचा माल होता.

तिसरा आक्षेप माणसांच्या बाजूचा आहे: परावलंबनाची चर्चा ठीक, पण मिळालं ते केवढं! स्टुडिओत श्वास रोखून बसलेल्या माणसांऐवजी ओटीवर हसणारी माणसं दिसू लागली. बाईने बाईचा, मुलाने बापाचा फोटो काढला. या आक्षेपाला उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. हा लाभ खराच आहे. फक्त त्याची मर्यादा बर्निस पामरच्या हकिकतीत दिसते. एप्रिल १९१२ मध्ये ही सतरा वर्षांची कॅनडियन मुलगी ‘कार्पेथिया’ जहाजावर होती. टायटॅनिकच्या वाचलेल्या माणसांना या जहाजाने उचललं, तेव्हा तिने आपल्या कोडॅक ब्राउनीने त्यांचे आणि हिमनगाचे फोटो घेतले. न्यूयॉर्कला उतरल्यावर अंडरवुड अँड अंडरवुड या वृत्तछायाचित्रांच्या कंपनीच्या माणसाने फिल्म धुऊन, प्रिंटा काढून परत देतो असं सांगून दहा डॉलरात हक्क मिळवले. बटण तिने दाबलं होतं. बाकीचं ज्याने केलं, त्याच्या हाती चित्रं गेली.

रोल धुणारा उरला नाही तर

वाटणीचा शेवटचा हिशेब २०१० मध्ये झाला. कोडॅकची ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म धुण्याची पद्धत इतकी किचकट होती की जगात ते काम करणारी एकच प्रयोगशाळा उरली होती, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी. ३० डिसेंबर २०१० नंतर तिने नवे रोल घेणं थांबवलं. त्या दिवशी जगभर कपाटांत पडून राहिलेल्या, न धुतलेल्या कोडाक्रोमच्या प्रत्येक रोलमधले रंग कायमचे गेले. फोटो काढलेले होते, माणसं उन्हात उभी राहिलेली होती, पण बाकीचं करायला कोणी नव्हतं. याउलट १९०१ च्या नंबर २ ब्राउनीसाठी काढलेली ‘१२०’ मापाची फिल्म आजही मिळते. कारण ते माप अनेक कंपन्यांनी उचललं आणि कृष्णधवल फिल्म धुण्याची विद्या हजारो डार्करूममध्ये पसरलेली होती. चोरबाजारातल्या ‘नंबर २ ब्राउनी’त आज रोल घातला तर फोटो निघतो. जी विद्या पसरली ती वाचली. जी एका जागी कोंडली ती त्या जागेबरोबर गेली.

मोबाईलच्या काळात हा निष्कर्ष जुना झालेला नाही. आता रसायन नाही, पण चेहरा किती उजळायचा, आकाश किती निळं करायचं, फोटो कुठे साठवायचे, हे ठरवणारं ‘बाकीचं’ कोणाच्या तरी दूरच्या यंत्रात आहे, आणि बटण पूर्वीइतकंच सोपं आहे. हे वापरू नये असं म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या चित्रांचा दुसरा अर्धा भाग कोणाकडे आहे, एवढं माहीत असावं, आणि जमेल तितका तो आपल्याकडे आणावा.

त्याची सुरुवात घरातल्या माळ्यावरून करता येईल. बॉक्स कॅमेरा फोटो काढत असे, पण कोणाचा, कुठला, कधीचा, हे लिहीत नसे. ही उणीव कोडॅकलाही जाणवली होती. १९१४ मध्ये त्यांनी पाठीला छोटं झाकण असलेले आणि फिल्मच्या कडेला टाकाने नोंद करता येणारे कॅमेरे काढले. ते दोन दशकांत मागे पडले. ती नोंद आता आपणच करायची आहे. जुने अल्बम आणि निगेटिव्ह काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्ह फेकू नका. मोबाईलच्या किंवा टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून त्यांचा फोटो घेतला आणि रंग उलटे केले, तरी चेहरा दिसतो. ज्यांना व्हिनेगरसारखा वास येतो ती निगेटिव्ह बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, आणि १९५० पूर्वीची असतील तर दिव्यापासून, उष्णतेपासून दूर, कारण ती सहज पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या फिल्मवरची असू शकतात. हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका. नावं सांगणारी माणसं फार दिवस थांबत नाहीत.